पियानोचें गीत बासरीच्या मुखीं

ज्याचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें, त्यास भाषांतर या शब्दाची थोडी धास्तीच वाटते. एका विद्यार्थ्यानें ‘मेघदूता’च्या कांहीं श्लोकांचें मराठी रूपांतर मोठ्या हौसेनें मजपुढें ठेविलें होतें. मीं त्यावर लाल शाईनें ‘मूळच वाचावें’ एवढेंच लिहून वही परत केली. परवां माझी नात तिच्या फ्लूटवर एक गत घोळवीत होती. ‘आजोबा, ही मूळची पियानोची,’ असें ती म्हणाली आणि तें जुनें प्रकरण मला आठवलें.

ती रचना क्लोद दब्यूसी (१८६२–१९१८) या फ्रेंच संगीतकाराची. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पियानोवरील बारा प्रवेशिकांपैकीं ती आठवी. ‘जवसाच्या तंतूंसारख्या केसांची मुलगी’ हें तिचें नांव.

दब्यूसीच्या संगीतास लोक ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणतात. त्याला स्वतःला हें विशेषण रुचत नसे. शब्द मूळचा चित्रकलेंतला. १८७४ मध्यें पॅरिसच्या एका प्रदर्शनांत क्लोद मोने याचें सूर्योदयाचें चित्र होतें. त्याच्या नांवावरून एका टीकाकारानें थट्टेनें जो शब्द योजिला, तोच पुढें रूढ झाला. हे चित्रकार वस्तूच्या रेषेपेक्षां तिजवर पडलेला प्रकाश रंगवीत. दब्यूसीच्या पियानोंतही तसेंच आहे. पट्टी दाबली कीं हातोडी तारेवर पडते, नाद उमटतो आणि त्याच क्षणापासून विरूं लागतो. परंतु पायानें पेडल दाबून धरलें, तर तारांवरील दाब उठतो आणि मागच्या सुरांचा झणत्कार पुढच्यांत मिसळतो. या धुक्यांतच त्याची सारी किमया आहे.

आतां ही रचना फ्लूट व पियानो यांजवर बसवितांना होतें काय? फ्लूटमधून एका वेळीं साधारणतः एकच सूर निघतो. म्हणून प्रायः मुख्य धून तिजकडे जाते आणि स्वरसमूहांचें धुकें पियानोकडे राहतें. यांत हानि उघड आहे. मुळांत धून व धुकें हीं एकाच वाद्याच्या पोटीं जन्मतात. रूपांतरांत धून वेगळी उठून दिसते. जेथें रेषा नव्हती तेथें रेषा येते. शिवाय वाजविणारास मध्येंच श्वास घ्यावा लागतो. पण लाभही आहे. पियानोवरचा सूर एकदां उमटला कीं त्यास वाढवितां येत नाहीं. फुंकीचा सूर मात्र सुरू झाल्यावरही फुलवितां येतो.

या गीताचा आरंभ तर बासरीस साजेल असाच आहे. पहिली ओळ कोणत्याही साथीवांचून एकटीच येते. तिच्या मूलस्वरास षड्ज मानल्यास आरंभीं षड्ज, गांधार, पंचम व धैवत हे चारच स्वर खालींवर फिरतात. आपल्या कानांस क्षणभर भूपाचा भास होतो. भूप तो नव्हेच. लौकरच स्वरसमूह येतात आणि वाट निराळी होते.

खुद्द कर्त्याचें मत काय असावें? याच गीताचें व्हायोलिनसाठीं केलेलें रूपांतर आर्थर हार्टमन या वादकाबरोबर १९१४ सालीं पॅरिसमध्यें वाजवितांना पियानोवर दब्यूसी स्वतः बसला होता. फ्लूट तर त्याची आवडती. त्याची १८९४ ची वाद्यवृंदासाठींची प्रसिद्ध रचना एकट्या फ्लूटनेंच उघडते आणि १९१३ मध्यें त्यानें केवळ फ्लूटसाठीं ‘सिरिंक्स’ रचिली.

वाचकांस माझी एक सूचना आहे. आधीं मूळ पियानो ऐकावा, मग रूपांतर, आणि पुन्हां मूळ. मीं तसें केलें. तिसऱ्या वेळीं, पहिल्यानें निसटलेली मधली एक नाजूक ओळ मला स्पष्ट ऐकूं आली. ती बासरीनें दाखविली होती. भाषांतर मुळाची जागा घेत नाहीं हें खरें. पण तें मुळाकडे परत नेतें, हें मात्र मीं तीस वर्षें वर्गांत कधीं सांगितलें नाहीं.

दब्यूसीनें या प्रवेशिकांचीं नांवें आरंभीं न देतां शेवटीं, कंसांत छापविलीं. आधीं ऐका, नांव मागाहून, असाच जणूं त्याचा आग्रह. त्या मुलाची वहीही मीं लाल शाई उघडण्यापूर्वीं एकदां त्याच्या तोंडून ऐकावयास हवी होती.