काठापदराच्या पिशव्या

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कोणत्याही सोसायटीच्या केराच्या डब्यात डोकावून पाहा. सर्वांत वर दिसेल तो भेटवस्तूंचा चकचकीत कागद! थाट केवढा, आणि आयुष्य पाच मिनिटांचे. बरे, रद्दीवालाही तो घ्यायला तयार नसतो. त्या चकाकीत बहुधा प्लास्टिकचा नाहीतर धातूचा पापुद्रा असतो, आणि त्यापासून पुन्हा कागद होत नाही. मिठाईच्या खोक्यांवरच्या प्लास्टिकच्या वेष्टनावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. या कागदाचे काय करायचे, ते मात्र आपले आपणच ठरवायचे.

जपानात 'फुरोशिकी' नावाच्या चौकोनी कापडात भेट बांधून देतात. २००६ साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी या जुन्या चालीचा मुद्दाम पुरस्कार केला. पण आपल्याला यात नवे ते काय? सुदाम्याचे पोहे पुरचुंडीतूनच गेले होते की!

मी सासूबाईंचे जुने इरकली लुगडे काढले. कात्री लावताना हात थबकला, नाही असे नाही. ६ इंच रुंद, ४ इंच उंच गोल डब्यासाठी १२ इंच रुंद आणि २८ इंच लांब तुकडा घ्यावा. मधोमध दुमडला की तळाला शिवण नको. दोन्ही बाजूंना टीप घालावी. वरचे ३ इंच मोकळे सोडून, त्यांच्या कडा आत मुडपून, वरून दुमडून नेफा करावा. काठाच्या पट्टीच्या दोन नाड्या समोरासमोरून ओवल्या, की ओढताच तोंड मिटते. विरलेला भाग सोडूनही पंधरा पिशव्या निघाल्या. यासाठी बाजारातून नवे कापड आणायचे, आणि पिशवी एकदाच वापरायची, तर मग कागद काय वाईट?

खरी मेख आहे ती पिशवी परत येण्यात. फराळाचा डबा आपण रिकामा परत करत नाही; तीच रीत हिला लावायची. मी आत चिठ्ठी घालते, 'पिशवी परत करा, नाहीतर पुढे द्या.' गेल्या दिवाळीत अकरा दिल्या. सात परत आल्या, दोन परस्पर तिसऱ्याच घरी पोचल्या, एकीचा पत्ता नाही. उरलेली वन्संकडे आहे. "वहिनी, आत काय होतं ते आठवत नाही, पण आईचं लुगडं काही मी परत देणार नाही!" असे त्यांनी फोनवरच सांगून टाकले. पदराचा तुकडा मी अजून कापलेला नाही. यंदा तो त्यांच्याकडे तसाच जाईल.