जुन्या कॉम्प्युटरमध्ये स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड टाकायचंय? मग किंमत बघायच्या आधी एसएमपीएस बघा

ऑफिसातून निवृत्त झालेला डेल किंवा एचपीचा डेस्कटॉप. आत चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम. रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळालेलं असं मशीन आज अनेक घरांत आहे. मग घरातल्या कुणाचा तरी अ‍ॅनिमेशनचा कोर्स सुरू होतो, कुणाला जीटीए ५ खेळायचं असतं, कुणाचं व्हिडिओ एडिटिंग अडकायला लागतं. विचारलं की मित्रमंडळींचा सल्ला तयार असतो, "एक ग्राफिक्स कार्ड टाक, मशीन पळायला लागेल."

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कारण कार्ड घरी आणल्यावर कळतं की ते कॅबिनेटमध्ये बसतच नाही. किंवा बसतं, पण त्याला वीज द्यायला केबल नाही. किंवा सगळं जुळतं आणि तरीही मशीन आधीसारखंच अडकत राहतं. आठ-दहा हजार रुपये जमवून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत हे परवडणारं नाही.

म्हणून बजेट किती, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. जुन्या कॉम्प्युटरमध्ये कोणतं कार्ड चालेल हे तुमच्या खिशाआधी तुमचं कॅबिनेट ठरवतं. कसं ते टप्प्याटप्प्याने बघू.

खरंच ग्राफिक्स कार्डच कमी पडतंय का?

प्रोसेसर म्हणजे सीपीयू. तो कॉम्प्युटरची सर्वसाधारण कामं करतो. ग्राफिक्स कार्डावरची चिप म्हणजे जीपीयू. गेममधलं दृश्य उभं करणं, थ्रीडी रेंडर करणं, व्हिडिओवर इफेक्ट लावणं ही कामं ती झपाट्याने करते. बहुतेक ऑफिस कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरमध्येच एक छोटा जीपीयू असतो. त्यावर रोजचं काम भागतं, गेम मात्र अडखळतात.

आता टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा आणि नेहमीचं काम करत आलेख बघा.

डिस्कचा आलेख सतत १०० टक्क्यांवर असेल आणि मशीन सुरू व्हायलाच काही मिनिटं लागत असतील, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा आहे. तिथे ग्राफिक्स कार्ड काहीच करू शकत नाही. एसएसडी टाका, फरक लगेच दिसेल.

रॅम भरलेली दिसत असेल तर आधी रॅम वाढवा. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकल्यावर आणखी एक फायदा होतो. प्रोसेसरमधला जीपीयू हीच रॅम वापरतो, त्यामुळे दोन पट्ट्यांवर त्याला माहिती दुप्पट वेगाने मिळू शकते. हलक्या गेम्समध्ये एवढ्यानेही फरक पडतो.

गेमसाठी एक सोपी चाचणी आहे. गेमचं रिझोल्यूशन आणि सेटिंग्ज अगदी खाली आणा. वेग वाढला तर जीपीयू कमी पडतोय, म्हणजे कार्डाचा उपयोग होईल. वेग तेवढाच राहिला तर अडचण प्रोसेसरची आहे, आणि कितीही चांगलं कार्ड लावलं तरी फार काही बदलणार नाही.

७५ वॅटची रेषा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मदरबोर्डवरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देऊ शकतो. त्याहून जास्त वीज लागणाऱ्या कार्डाला थेट एसएमपीएसमधून वेगळी केबल जोडावी लागते. सहा पिनांची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५० वॅट.

ऑफिस कॉम्प्युटरमध्ये ही केबल सहसा नसतेच. त्यांचे एसएमपीएसही साधारण २४० ते ३०० वॅटचे असतात. आकडा लहान वाटतो, पण हिशोब करून बघा. चौथ्या पिढीच्या नेहमीच्या आय५ प्रोसेसरची मर्यादा ८४ वॅट. कार्ड ७५ वॅटचं. मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे चाळीस-पन्नास धरा. बेरीज २१० वॅटच्या आत राहते. म्हणजे केबल न लागणारं कार्ड २९० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर चालू शकतं. त्याच जागी १८५ वॅटचं आरएक्स ५८० लावलं तर गणित फिसकटतं.

असेंबल केलेल्या मशीनमध्ये उलटा धोका असतो. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' असतं, पण खरा आकडा लेबलवरच्या छोट्या तक्त्यात सापडतो. तिथे १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १६ अँपिअर असतील तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचाही मुख्य भार याच १२ व्होल्टवर असतो. १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका, लेबलवर दिलेला एकत्रित आकडा धरा.

"केबल नसली तर कन्व्हर्टर लावून देतो," असं दुकानात कुणी म्हणालं तर सावध व्हा. हार्ड डिस्कला वीज देणारी साटा केबल १२ व्होल्टवर साधारण ५४ वॅटसाठी बनलेली असते. तिच्यावर कन्व्हर्टर लावून दुप्पट-तिप्पट वीज ओढली तर कनेक्टर वितळू शकतो. हा जुगाड स्वस्त दिसतो, पण त्यात आख्खं मशीन जाऊ शकतं.

काही छोट्या ऑफिस मॉडेल्समध्ये कंपनीने स्लॉटची मर्यादा ७५ वॅटच्याही खाली ठेवलेली असते. काहींमध्ये बाजारातला नेहमीचा एसएमपीएस बसत नाही. म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल एकदा वाचाच.

टेप घ्या आणि कॅबिनेट उघडा

दुसरा प्रश्न जागेचा. आडव्या, चपट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, तिथे 'लो प्रोफाइल' कार्ड लागतं. खरेदी करताना त्याची छोटी पट्टी बॉक्समध्ये आहे का ते विचारा. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मोजा, कारण मध्येच हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. बहुतेक कार्डं दोन स्लॉटची जागा घेतात, तेही धरून चाला.

तिसरा प्रश्न मॉनिटरचा. जुन्या मॉनिटरला फक्त निळी व्हीजीए केबल असेल, तर आजच्या कार्डांवर ते पोर्ट नसतं. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीएमध्ये सिग्नल बदलणारा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागेल. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला जोडायची. ती जुन्याच पोर्टमध्ये राहिली तर नवं कार्ड असून नसल्यासारखं होतं.

चौथा प्रश्न बायोसचा. खूप जुन्या मदरबोर्डवर नवीन कार्ड लावल्यावर स्क्रीन काळीच राहण्याची शक्यता असते. स्टार्ट मेनूत 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा आणि 'बायोस मोड'समोर काय आहे ते बघा. 'यूईएफआय' असेल तर काळजी कमी. 'लेगसी' असेल तर कंपनीच्या साइटवर बायोसचं अपडेट आहे का ते आधी तपासा.

मग कोणती कार्डं उरतात?

एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर यादी बरीच छोटी होते.

जीटी ७१० आणि जीटी ७३०: स्वस्त म्हणून दुकानात सर्रास पुढे केली जातात. गेमिंग किंवा रेंडरिंगसाठी घेऊ नका. ही पिढी इतकी जुनी आहे की एनव्हिडियाने तिचे ड्रायव्हर अपडेट बंद केले आहेत. जादा मॉनिटर जोडण्यापुरतीच ती कामाची.

जीटी १०३०: वीज फक्त ३० वॅट. हलके गेम्स आणि यूट्यूबचे हाय रिझोल्यूशन व्हिडिओ यांसाठी ठीक. पण व्हिडिओ एक्स्पोर्टचा वेग वाढवणारा एन्कोडर यात नाही, त्यामुळे एडिटिंगसाठी घेण्यात अर्थ नाही.

जीटीएक्स १०५० टीआय: २०१६ चं कार्ड, ४ जीबी मेमरी, ७५ वॅट. सेकंड हँड बाजारातलं जुनं आवडतं नाव. आता एक अडचण आहे. या पिढीसाठी एनव्हिडियाचे नवीन गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. खूपच स्वस्त मिळालं तरच विचार करा.

जीटीएक्स १६५०: २०१९ चं, ४ जीबी, ७५ वॅट. ड्रायव्हर अजून सुरू आहेत. जुन्या आय५ सोबत हे कार्ड चांगलं जुळतं. मात्र याच्या काही मॉडेल्सना सहा पिनांची केबल लागते, त्यामुळे घेताना कार्डाच्या कडेला कनेक्टर आहे का ते डोळ्यांनी बघा.

आरटीएक्स ३०५० ६ जीबी: फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅट. वेगळी केबल न लागणाऱ्या कार्डांमध्ये नवीन घ्यायचं असेल तर सगळ्यात समजूतदार पर्याय. ब्लेंडर शिकणाऱ्यांना ६ जीबी मेमरीचा फायदा होतो. याची लो प्रोफाइल मॉडेल्सही मिळतात.

आरएक्स ६४००: ५३ वॅट, छोटं, चपट्या कॅबिनेटमध्ये बसणारं. पण हे कार्ड स्लॉटच्या १६ पैकी फक्त ४ लेन वापरतं. नवीन मदरबोर्डवर त्यात अडचण नाही. जुन्या मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटमध्ये मात्र माहितीचा वेग निम्म्यावर येतो आणि गेम्सचा वेगही घटतो. शिवाय व्हिडिओ एन्कोडर नाही.

इंटेल आर्क ए३८०: ६ जीबी मेमरी, कागदावर भारी. पण 'रिसायझेबल बार' नावाची सोय मदरबोर्डमध्ये नसेल तर त्याचा वेग बराच पडतो. इंटेलने स्वतःच दहाव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर सुचवला आहे. चौथ्या पिढीच्या मशीनसाठी विसरून जा.

सारखं नाव, वेगळं कार्ड

स्वस्त कार्डांच्या बाजारात खरी फसगत नावांत होते. जीटी १०३० दोन प्रकारांत येतं. जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवतं, डीडीआर४ मेमरीचं फक्त १६.८ जीबी. बॉक्सवर नाव तेच, वेग जवळपास एक तृतीयांश.

आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्डही आहे. ते १३० वॅटचं आहे आणि त्याला केबल लागते. आरएक्स ५८० च्या नावाखाली '२०४८एसपी' मिळालं तर मूळ कार्डाच्या २३०४ ऐवजी २०४८ कोर हाती येतात. आणि ब्लेंडरसाठी घेत असाल तर हेही लक्षात घ्या की सायकल्स रेंडरिंगला आता आरएक्स ५७० आणि ५८० चालत नाहीत.

सेकंड हँड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली ढीगभर कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगचं प्रत्येक कार्ड खराब असतंच असं नाही, पण पंखे झिजलेले आणि आतली थर्मल पेस्ट सुकलेली असू शकते.

म्हणून लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन भेटलेल्या विक्रेत्याकडून, कार्ड चालू करून दाखवायला सांगा. 'जीपीयू-झी' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. दुसऱ्याच चिपवर नवं नाव चढवलेलं बनावट एनव्हिडिया कार्ड ते बऱ्याचदा पकडतं आणि नावापुढे 'फेक' असं दाखवतं. मग 'फरमार्क'सारखी चाचणी पंधरा मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके किंवा रेषा आल्या, पंखा खरखरला, मशीन बंद पडलं तर सरळ नको म्हणा. बिल आणि सीरियल नंबर जुळतात का ते बघा. विक्रेता चाचणीला तयार नसेल तर तेच उत्तर समजा.

किती खर्च करायचा?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चौथ्या पिढीच्या मशीनचं आयुष्य तसंही मर्यादित आहे. गेम खेळायलाही हे आडवं येतं. उदाहरणार्थ, व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं.

त्यामुळे खर्च करताना एक प्रश्न विचारा, ही वस्तू पुढच्या कॉम्प्युटरमध्ये नेता येईल का? ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी नेता येतात. नेहमीच्या आकाराचा चांगला एसएमपीएसही नेता येतो. या मशीनमधली डीडीआर३ रॅम मात्र नवीन मदरबोर्डवर बसत नाही, म्हणून ती जुनीच आणि गरजेपुरतीच घ्या. कार्ड, एसएमपीएस, एसएसडी असा सगळा खर्च दुसऱ्या बऱ्या मशीनच्या निम्म्यावर जायला लागला, तर थांबा आणि त्या मशीनसाठी पैसे साठवा.

थोडक्यात सांगायचं तर

आधी टास्क मॅनेजर बघा. मग एसएमपीएसचं लेबल, मग कॅबिनेटमधली जागा, मग मॉनिटरचं पोर्ट आणि बायोस. केबल नसेल तर ७५ वॅटच्या आत राहा. सेकंड हँड घ्यायचं तर जीटीएक्स १६५०, नवीन घ्यायचं तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी, एवढ्या दोन नावांपासून सुरुवात करा. आणि दुकानात जाण्याआधी एसएमपीएसचं लेबल, स्लॉट आणि मॉनिटरचं पोर्ट यांचे तीन फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. "चालेल ना हे?" असं दुकानदाराला विचारायची वेळच येणार नाही.