पिवळ्या पट्टीच्या मागे का उभे राहायचे?

ग्वाल्हेरहून दिल्ली, झाशी, भोपाळ किंवा पुण्या-मुंबईकडे जाताना आपण बहुतेक जण रेल्वेच पकडतो. या मार्गावरच्या गाड्या आता पूर्वीपेक्षा वेगवान झाल्या आहेत. दिल्ली-आग्रा टप्प्यात ताशी 160 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी म्हणून गतिमान एक्स्प्रेस 2016 मध्ये सुरू झाली आणि 2018 मध्ये ती ग्वाल्हेरमार्गे झाशीपर्यंत जाऊ लागली. वेगाबरोबर वाढतो तो वारा. फलाटावर उभे असताना तो नीट समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

गाडीला पुढे जाण्यासाठी समोरची हवा बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी 130 वरून 160 वर गेले तर वेग जेमतेम पावपट वाढतो, पण हवेचा विरोध दीडपट होतो. त्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तर दुपटीच्या जवळ जाते. म्हणूनच वंदे भारतसारख्या गाडीचे तोंड निमुळते ठेवतात. सपाट तोंडाच्या इंजिनापेक्षा ते हवा सहज कापते आणि वीज वाचते.

न थांबता जाणारी गाडी फलाटावर हवेचे तीन परिणाम घडवते. इंजिन समोर येताच हवेचा दाब एकदम वाढतो आणि लगेच उतरतो. त्यामुळे आधी बाहेर ढकलल्यासारखे आणि मग आत ओढल्यासारखे वाटते. त्यानंतर डब्यांना घासून चालणारी हवा गाडीच्या दिशेने वाहू लागते. शेवटचा डबा गेल्यावर मागे भोवरे उठतात. वेगवान प्रवासी गाड्यांच्या बाबतीत सर्वांत जोराचा झोत पुष्कळदा याच वेळी येतो. गाडी गेली म्हणून लगेच पुढे सरकू नये, ते यासाठीच.

मालगाडीचा वेग कमी असतो, म्हणून तिला कमी लेखू नका. कंटेनरांचे कोपरे आणि मधल्या मोकळ्या जागा यांमुळे हवा फार घुसळली जाते आणि अनपेक्षित धक्के बसतात.

सर्वांत जास्त धोका असतो तो लहान मुलांना, वृद्धांना आणि चाकांवरच्या वस्तूंना. बाबागाडी किंवा चाकांची बॅग अशा झोताने आपोआप घरंगळू शकते. म्हणून बाबागाडीचा ब्रेक लावा आणि ती हाताने धरूनही ठेवा. मुलांना आपल्या आणि भिंतीच्या मधे उभे करा. साडीचा पदर, ओढणी सावरून घ्या.

ताशी 160 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 44 मीटर. गाडी दिसल्यावर मागे सरकू म्हटले, तर वेळ फार थोडा मिळतो. दिलासा एवढाच, की रुळांपासून दूर जाऊ तसा वाऱ्याचा जोर झपाट्याने ओसरतो. दोन पावले मागे राहण्याने खरोखरच फरक पडतो. यंदा सुट्टीत नातवंडे आली, की ही गोष्ट त्यांना फलाटावर पोचण्याआधीच सांगा.