अंगात पाणी, रक्तात कोरड

पाय सुजले, जोडवी रुतायला लागली, की घरातली मोठी बाई म्हणायची, "दिवसांतली सूज आहे, मीठ कमी कर." नुसती पायांची सूज बहुतेकींना येतेच, त्यामुळे तिचं फारसं चुकत नसे. पण रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की हिशेबच उलटतो. बिघडलेल्या वारेतून रक्तात उतरणारे घटक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतात, पाणी झिरपून बाहेर साचतं. अंग फुगलेलं आणि रक्तवाहिन्यांत कोरड! एकेकाळी डॉक्टरही अशा बाईला लघवी होण्याच्या गोळ्या देत. कोरडीत आणखी भर. उलट सलाईन सैल सोडलं, तर तेच पाणी फुप्फुसांत उतरतं. मूत्रपिंड, यकृत आणि मेंदूही यात ओढले जातात, मग झटके.

झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटच सरस, हे 1995 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने ठरवलं. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून लघवीच्या पिशवीवर आणि गुडघ्याच्या प्रतिक्षेपावर सतत नजर हवी. पण या आजाराचा खरा उतारा म्हणजे प्रसूती. ती सुरू कशी करायची आणि तोवर रक्तदाब कसा आवरायचा, हे प्रश्न पुढे नागपुरात तपासले गेले.

डिसेंबर 2013 ते जून 2015 या काळात मेडिकल कॉलेज आणि डागा या सरकारी रुग्णालयांत रक्तदाबाच्या 602 गरोदर स्त्रियांवर चाचणी झाली, डॉ. शुचिता मुंडले तिच्या प्रमुख संशोधकांपैकी. प्रसूती सुरू करायला गर्भाशयाच्या मुखात फोलीचा फुगा की तोंडाने मिसोप्रोस्टॉलच्या 25 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या? चोवीस तासांत योनीमार्गे प्रसूती गोळ्यांनी 57 टक्के, फुग्याने 47. 'लॅन्सेट'ने 2017 मध्ये ते छापलं.

मला जास्त मोलाची वाटते ती 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी. इथेच, 894 जणी, रक्तदाब 160/110 च्या घरात किंवा वर. इंजेक्शन नाही, फक्त गोळ्या. सहा तासांत, दुष्परिणामाविना रक्तदाब आटोक्यात आला तो निफेडिपिनने 84 टक्के जणींत, लॅबेटॅलॉलने 77, मिथाइलडोपाने 76. मिथाइलडोपा म्हणजे जुनाट, मंद म्हणून बाजूला सारलेली गोळी. तिचा एकच, 1000 मिलिग्रॅमचा डोस दिला होता. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, 108 ची गाडी येईपर्यंत, नर्सताईला तो बाईच्या हातात ठेवता येतो.