नळ, बोअर आणि विहीर

संस्थेच्या आवारातील जुन्या विहिरीवर लोखंडी झाकण घालून शेजारी आणखी एक बोअर मारावी, अशी सूचना गेल्या सभेत आली. सूचना करणारे आमचे स्नेहीच आहेत. तरी या निमित्ताने सभासदांपुढे चार गोष्टी मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

बेळगावची जमीन जांभ्याची. हा दगड सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि उथळ विहिरींत उतरते. डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाहुण्यांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीरच खोदण्यात आली. ती काँग्रेस विहीर आजही आहे. पुढे राकसकोपचे व हिडकलचे पाणी नळाने घरोघर आले. ही सोय लहान नव्हे. घागरी वाहून ज्यांच्या माना आखडल्या त्या आमच्या आयाबहिणींना विचारावे! पण नळ आला आणि विहिरींत कचरा पडू लागला. 1995 च्या टंचाईत नळाचे पाणी अपुरे पडले, तेव्हा शहराला याच विहिरी आठवल्या. गाळ उपसून त्या पुन्हा वापरात आणाव्या लागल्या.

बोअरची गोष्ट निराळी. जांभ्याखाली काळा कातळ. त्यात पाणी राहते ते फटींत, तेही थोडे, आणि त्या भरण्यास काळ लागतो. शिवाय फट काही आपल्या कुंपणाशी थांबत नाही. आपण खोल गेलो की शेजाऱ्याची बोअर आटते. मग तो आणखी खोल जातो. आमच्या शाळेची पहिली बोअर तिसऱ्या उन्हाळ्यात नुसती हवा फेकू लागली. दुसरी तिच्याहून खोल मारली, तीही आटली. पंप मात्र दोन्ही वेळा उत्तम होता.

निपाणीकडील शेतकरी सभासदांना हे नवे नाही. तंबाखू थोड्या पाण्यावर निघे. उसाचे तसे नाही. ठिबकने पाणी वाचते हे खरे, परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी अर्धा एकर ऊस लावला, तर जमिनीखाली काय उरले? नळी पाणी मोजून देते. ऊस किती लावावा, हे ती सांगत नाही.

बोअर नकोच, असे आमचे म्हणणे नाही. आधी विहिरीचा गाळ काढावा, छपराचे पाणी गाळून तीत सोडावे आणि दर शुक्रवारी दोरी सोडून पातळी वहीत लिहावी. मुले मोजतील, वही आम्ही ठेवू. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी हाती आल्यावर बोअरचा विषय पुन्हा सभेपुढे घ्यावा, अशी विनंती आहे.