आडवा शब्द, बडोदेकर वळण

मांजर आडवं गेलं की बडोद्यातला मराठी माणूस थबकतो. शेजारचा गुजरातीही थबकतो. त्याच्या भाषेत ‘बिलाडी आडी ऊतरी’. मांजर तेच, अपशकुन तोच, शब्दही जवळपास तोच. दुपारी जेवण झाल्यावर आपण आडवे होतो, ते ‘आडा’ पडतात. इथवर सगळं सुरळीत.

भानगड पुढे आहे. मराठीत आडवा हात मारला म्हणजे श्रीखंड-पुरीचा फडशा पाडला. गुजरातीत एखादी वस्तू ‘आडे हाथे’ ठेवली गेली म्हणजे भलतीकडेच ठेवली, आता शोधत बसा! ‘लग्न आडे चार दिवस’ असं वाचून लग्नात कोण आडवं आलं म्हणून हळहळू नका. लग्नाला चार दिवस उरलेत, एवढंच. ‘आडा संबंध’ असा मथळा दिसला तर मात्र तो मुलांसमोर मोठ्यानं वाचू नये. ते विवाहबाह्य प्रकरण असतं. शब्दकोड्यात दोन्ही भाषांचं पुन्हा गोत्र जमतं: आपले आडवे-उभे शब्द, त्यांच्या आडी-ऊभी चाव्या.

आणि आडनाव? नवख्या मराठी माणसाला गुजराती अर्जावर पहिला धक्का तिथेच बसतो. रकान्यावर लिहिलेलं असतं ‘अटक’. पोलिसांचा काही संबंध नाही. आडनावालाच तिकडे अटक म्हणतात.

खरी गंमत आहे ती अक्षरांच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेची. देवनागरी तिला लटकते, गुजराती लिपीनं ती काढूनच टाकली. व्यापाऱ्यांच्या हिशेबी, भरभर लिहायच्या वळणात ती नव्हतीच. म्हणून तर त्या वळणाला शराफी, वाणियाशाई अशी नावं होती. पुढे एकोणिसाव्या शतकात छापखान्यांतही तेच वळण रुळलं. गायकवाडी दप्तरातली मोडी मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. तिथे कारकून कागदावर आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली, बोरू शक्य तितका न उचलता, अक्षरांची साखळी गुंफत जाई. घाई दोघांनाही होती. वाण्यानं रेघ गाळून वेळ वाचवला, कारकुनानं ती एकदाच ओढून. वाण्याची अक्षरं आज निदान वाचता तरी येतात. मोडीला जाणकार शोधावा लागतो.

कपाळावरही हाच वाद: शैवांचं गंध आडवं, वैष्णवांचं उभं.

गवंड्याला यातलं काही नको. भिंत उभ्यानं सरळ आहे का हे ओळंबा सांगतो, थर आडवा सरळ आहे का हे पाणसळ. पाणसळ हाताशी नसली तर पारदर्शक नळीत पाणी भरायचं. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतंच. पण ‘आडवं’ ठरतं ते त्या-त्या जागच्या गुरुत्वाकर्षणावर, आणि पृथ्वी पडली गोल. त्यामुळे बडोद्यातली तंतोतंत आडवी फरशी आणि पुण्यातली तंतोतंत आडवी फरशी एकमेकींशी समांतर नसतात. त्यांच्यात जवळपास चार अंशांचा फरक पडतो. गवंड्याला नावं ठेवू नका.

राहिलं क्रिकेट. ‘आडव्या बॅटनं खेळू नकोस’ हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा मराठी मुलगा विरळा. सरळ बॅटीचा नमुना बडोद्याकडे होताच: सांगलीत जन्मलेले विजय हजारे. मार्च १९४७मध्ये बडोद्यातच झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, होळकर संघाविरुद्ध, त्यांनी २८८ धावा केल्या आणि जोडीदार गुल महंमद यांनी ३१९. चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची ही भागीदारी प्रथम श्रेणी क्रिकेटमधली कुठल्याही विकेटसाठीची सर्वांत मोठी ठरली. हा विक्रम संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडला तो थेट २००६ साली.