लेख तयार, पण पॅकेज सापडेना

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा गावाच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या लेसरबद्दल पुष्कळ छापून आलं, पण तिथले शोधनिबंध कशात लिहिले जाणार, हे सहसा कुणी विचारत नाही. उत्तर जवळपास ठरलेलं आहे: लाटेक ही मजकूर जुळवणारी संगणक-प्रणाली. सप्टेंबर २०१५ मध्ये टिपलेल्या पहिल्या लहरीवरचा हजाराहून अधिक लेखकांचा निबंधही त्यातच जुळवलेला होता.

लाटेकच्या पोटात टेक हे इंजिन असतं. आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून वैतागलेल्या संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये त्याचा आराखडा सुरू केला. आता ते जवळजवळ गोठवलेलं आहे. दुरुस्ती झालीच तर आवृत्तीच्या आकड्यात ‘पाय’चा आणखी एक अंक वाढतो. बदलतात ती भोवतीची पॅकेजेस. तक्ते, आकृत्या, संदर्भसूची अशा कामांची हजारो पॅकेजेस सीटॅन या भांडारात आहेत आणि त्यांत रोज भर पडते. टेक लाइव्ह या संचात ती उतरवून घेणारा व्यवस्थापक, टीएलएमजीआर, २००८ पासून आला. एका बाजूला गोठलेलं इंजिन, दुसऱ्या बाजूला रोज हलणारं भांडार. तक्रारी उगवतात त्या या सांध्यावर.

सगळ्यात जास्त छळते ती वर्षाची अडचण. टेक लाइव्हचा नवा संच दरवर्षी निघतो आणि भांडार त्या वर्षाचं होतं. संगणकावर २०२३ चा संच आणि भांडार २०२४ चं असेल, तर व्यवस्थापक सरळ नकार देतो: तुमची प्रत जुनी आहे. वापरणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोडलं. मोडलेलं काहीच नसतं. दोन वर्षांची पॅकेजेस एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मुद्दाम घातलेला तो अडसर आहे. उपाय दोन. नवा संच बसवायचा, किंवा जुनाच ठेवून व्यवस्थापकाला त्या वर्षाच्या जतन केलेल्या भांडाराचा पत्ता द्यायचा. निबंध पाठवायची घाई असेल तर दुसरा मार्ग शहाणपणाचा.

दुसरा चकवा नावांचा. पूर्ण संच काही जीबींचा, म्हणून मोबाइलच्या डेटावर काम भागवणारा विद्यार्थी छोटा संच घेतो. मग ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो. विद्यार्थी त्या फाइलच्याच नावाचं पॅकेज मागतो, आणि ते भांडारात नसतं! आकृत्यांसाठीची टिकझ ही फाइल पीजीएफ या पॅकेजात राहते. भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांसाठीची ‘रेव्हटेक ४-२’ मागायची तर पॅकेजाचं नाव नुसतं ‘रेव्हटेक’. फाइलचं नाव देऊन पॅकेज शोधण्याची सोय व्यवस्थापकातच आहे, फक्त ती फारसं कुणी वापरत नाही.

उबुंटूवर गंमत वेगळी. तिथे लाटेक सहसा उबुंटूच्याच भांडारातून येतं आणि पॅकेजेसही तिथूनच घ्यावी लागतात. टीएलएमजीआरला पूर्ण मोकळीक नसते. वर कुणी मूळ टेक लाइव्हही बसवलं, तर एकाच संगणकावर दोन प्रती नांदतात. पॅकेज एकीत उतरतं, निबंध दुसरीत जुळतो. अशा वेळी आज्ञा नेमकी कुठल्या फोल्डरमधून चालते आहे, हे आधी पाहावं.

उतरवलेल्या फाइलची पडताळणीची बेरीज (चेकसम) जुळत नाही, असं कधी कधी व्यवस्थापक म्हणतो. भांडाराच्या जगभर प्रती आहेत, आणि एखादी प्रत अर्धवट ताजी झालेली असताना नेमकं आपण तिथे पोहोचतो. दुसरी प्रत निवडली की काम होतं.

मराठी लिहिणाऱ्यांच्या एका तक्रारीचं खापर मात्र व्यवस्थापकावर उगाच फुटतं. जुन्या पीडीएफ-लाटेकमध्ये ‘क’ टाइप केला की ‘हे अक्षर ओळखीचं नाही’ असा संदेश येतो. त्यासाठी झी-लाटेक किंवा लुआ-लाटेक आणि देवनागरी फाँट लागतो. पॅकेजेस कितीही ताजी केली तरी हा संदेश हटत नाही.

अपडेटनंतर कालपर्यंत चालणारा निबंध अडला, तर व्यवस्थापकाने राखलेल्या बॅकअपमधून एकेक पॅकेज मागे नेता येतं. वर्षाचा घोळ निबंध पाठवतानाही होतो. आर्काइव्ह या निबंधसंग्रहाकडे लाटेकची मूळ फाइल पाठवली की ते ती आपल्याकडच्या, ठरावीक वर्षाच्या टेक लाइव्हवर पुन्हा जुळवतात. घरचा संच त्याहून नवा असेल, तर घरी सुरळीत जुळलेला निबंध तिथे अडू शकतो. म्हणून पाठवण्याआधी त्यांचं वर्ष पाहून घेतलेलं बरं.